बाद डावातलं बोलणं

यॉर्कटन, सस्कॅचेवान
२ डिसेंबर २००९

दार्का,

सोमवारी दुपारी घरी पोचलो. तेव्हापासून बसवत नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते कळत नाही. वर्कशॉपमध्ये एक ट्रॅक्टर उघडून ठेवलाय. त्याचे नट काढतो आणि तेच परत बसवतो.

सामना कसा झाला ते तुझ्या शेजाऱ्यांना विचार. मॉन्ट्रिअल जिंकलं.

सप्टेंबरमध्ये वाढदिवसाला तू फुटबॉलच्या अंतिम सामन्याचं तिकीट पाठवलंस तेव्हा मी तुला थोर समजलो होतो. आपले हिरवे, सस्कॅचेवानचे गडी, तिथवर पोचतील की नाही हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हटलं, बहिणीचा विश्वास माझ्याहून मोठा. शेजारची खुर्ची कोणाची, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. कॅल्गरीला जिने चढून जागेवर गेलो तर तिथे मायरन बसला होता.

सख्ख्या भावाशी मी सहा वर्षं बोललेलो नाही. का, ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. कापणीच्या दिवसांत मी लोकांची यंत्रं दुरुस्त करत शेताशेतांतून फिरत होतो. तेव्हा हा कॅल्गरीहून आला आणि आईला घरातून उचलून रिजायनाच्या वृद्धाश्रमात ठेवून गेला. मला विचारलं नाही. त्या वर्षीचा नाताळ तिने पाहिला नाही. हे पुन्हा लिहितोय, कारण रविवारी मी ते विसरलो. फार वेळ नाही. मिनिटभर असेल.

सुरुवातीला आम्ही बोललो नाही. त्याने सूर्यफुलाच्या बियांची पिशवी पुढे केली, मी घेतल्या नाहीत. नंतर घेतल्या. बिया घेणं म्हणजे बोलणं नव्हे. आपण पुढे होतो, चांगले सोळा गुणांनी. मग ते विरघळत गेलं. शेवटी दोन गुण उरले, घड्याळात काही उरलं नाही, आणि मॉन्ट्रिअलचा माणूस शेवटची किक मारायला आला. खांबांमधून गेली तर ते जिंकणार, नाहीतर आपण.

उजवीकडून बाहेर गेली.

तो आवाज मी तुला लिहून सांगू शकत नाही. पुढच्या माणसाने टोपीसारखं घातलेलं कोरलेलं हिरवं कलिंगड डोक्यावरून काढून हवेत फेकलं. मी वळलो. मायरन उभा होता. मी त्याला मिठी मारली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणालो, सहा जानेवारीला घरी ये, आपल्या नाताळच्या जेवणाला, तुझ्या जागेवर बस. त्याचे डोळे भरले. त्याने मान हलवली.

मग लोक गप्प होत गेले, खालच्या रांगांपासून वरपर्यंत. मैदानात पंचांचा नारिंगी रुमाल पडला होता. बाराच्या जागी आपले तेरा गडी उभे होते. दहा यार्डांचा दंड. तो माणूस पुन्हा आला, दहा यार्ड जवळून मारली, आणि मधून गेली. अठ्ठावीस-सत्तावीस.

मायरनकडे न बघता मी जिना उतरलो.

आता नीट वाच. रुमाल पडला की त्या डावात जे झालं ते झालंच नाही, असं धरतात. किक चुकली तरी चुकली नाही. जिंकलो तरी जिंकलो नाही. मी जे बोललो ते त्याच डावात बोललो. तेही बाद. मायरनला तसं कळव. शेजारी तू बसवलंस, कळवायचंही तूच. नाहीतर सहा तारखेला तो दिवसभर गाडी हाकत येईल, दारात उभा राहील, आणि मला ते त्याच्या तोंडावर सांगावं लागेल. ते मला करायचं नाही.

नेस्टर


मॉन्ट्रिअल
९ डिसेंबर २००९

नेस्टर,

फोन केला असता, पण फोन तू मध्येच ठेवून देतोस. कागदाचं बरं असतं. तोही ठेवून देता येतो, पण निदान थोडं वाचून झाल्यावर.

हो, तिकिटं मी घेतली, दोन्ही, शेजारशेजारची. एक तुला, एक त्याला. तुम्ही दोघं आणखी कुठे तीन तास एका जागी बसला असता? चर्चमध्ये तू पुढे बसतोस आणि तो येत नाही. याबद्दल मी माफी मागणार नाही.

इथे मिरवणूक निघाली होती. दोन रस्ते पलीकडून गेली, म्हणून आवाज ऐकला. तुझ्या मेहुण्याला, लूकला, म्हटलं, अरे, तुझं गाव जिंकलंय, जाऊन तरी ये. तर म्हणाला, "फुटबॉल? म्हणजे हॉकी नसतं तेव्हा खेळतात ते?" दुसऱ्या दिवशी बेकरीत कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. थोडंसं म्हणूनच लिहिते.

तुझा निरोप मी मायरनला देणार नाही. जेवायला तू बोलावलंस, येऊ नकोस हेही तूच सांग. मी पोस्टमन नाही.

आणि मला एक कळत नाही. तो लांबोळका चेंडू मला लहानपणापासून कळलेला नाही, तेव्हा हसू नकोस. गुन्हा तुमचा. मग तीच किक त्यांना पुन्हा कशी मारायला मिळते? आणि समजा पहिलीच मधून गेली असती, तरी पुन्हा मारावी लागली असती का? झालेलं झालं नाही असं ठरवतं कोण? पंच ठरवतात की तू?

त्याने मान हलवली, असं तू लिहिलंस. त्या ओळीवरून माझी नजर हलत नाही.

स्लावका वहिनीचं दुखरं कोपर कसं आहे? तिला हे सगळं सांगितलंस का?

दार्का


यॉर्कटन
१५ डिसेंबर २००९

दार्का,

साठ वर्षांची झालीस आणि अजून हे विचारतेस. बाबांनी ऐकलं असतं तर तुला जेवायला वाढलं नसतं.

पंच फक्त रुमाल टाकतात. गुन्हा काय झाला ते सांगतात. पुढचं ठरवतो तो ज्याच्याविरुद्ध गुन्हा झाला तो संघ. त्यांना विचारतात, दंड घेता का? घेतला तर डाव बाद, पुन्हा खेळायचं. नको म्हटलं तर डाव जसा झाला तसा राहतो. पहिली किक मधून गेली असती तर मॉन्ट्रिअलने दंड नाकारला असता आणि घरी गेले असते. चुकली, म्हणून घेतला. कोणीही घेतला असता. यात न कळण्यासारखं काय आहे?

कोपर तसंच आहे. तिला सांगितलेलं नाही. ती नेहमीसारखी सहा तारखेच्या तयारीला लागलीय, फ्रीजरमध्ये बटाट्याचं सारण भरलेल्या वारेनिकींच्या पिशव्या रचतेय. मी मध्येच उभा राहून बघतो. ती म्हणते, "बाहेर जा. तू उभा राहिलास की पीठसुद्धा घाबरतं."

बाहेर जातो तर को-ऑपच्या दुकानात कॉफीच्या टेबलावर तेच. तो तेरावा कोण? प्रत्येकाकडे एक नाव आहे. स्टॅन होलोवाटीने टेप थांबवून थांबवून पाहिलीय. तो शपथेवर एक नाव सांगतो, आणि त्याचा मेहुणा शपथेवर दुसरं. संघ नाव सांगत नाही. प्रशिक्षक म्हणतो चूक सगळ्यांची. स्टॅन म्हणाला, "सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही. माझा भोपळ्याचा वेल गाईने खाल्ला तर मी सगळ्या कळपाला विचारू का?" मी म्हटलं, बरोबर आहे. नाव कळलं पाहिजे. माणसाने उभं राहून म्हटलं पाहिजे की मी होतो.

परवा मॅनिटोबाचा एक ट्रकवाला पट्टा बसवून घ्यायला आला. माझ्या जॅकेटच्या पाठीवर काय लिहिलंय ते त्याने मोठ्याने वाचलं. आम्हा बघणाऱ्यांना इतकी वर्षं म्हणतात तेच, तेरावा गडी. म्हणाला, "म्हणजे तुम्हीच उतरला होतात होय मैदानात?" पट्टा मी बसवून दिला. जरा जास्तच घट्ट.

झोप लागते, पण विश्रांती होत नाही. मला त्या पराभवाचं इतकं वाटत नाही. पराभव आपण भरपूर पाहिलेत. मधल्या त्या मिनिटाचं काय करायचं ते कळत नाही. पहिली किक नुसती मधून गेली असती तर मी हरून, शिव्या देऊन घरी आलो असतो. मायरनला हात लावला नसता.

त्याला कळव, दार्का. मी दुसऱ्यांदा सांगतोय. तिसऱ्यांदा सांगायची माझी सवय नाही.

नेस्टर


यॉर्कटन
१७ डिसेंबर २००९

प्रिय दार्का,

हे पत्र नेस्टरला माहीत नाही. नवऱ्याच्या मागे नणंदेला लिहायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. तुला हसू येईल.

कॅल्गरीत काय झालं? सामना नाही म्हणत मी, तो सगळ्या प्रांताला माहीत आहे. मी दुसरं विचारतेय.

सामना मी टेप करून ठेवला होता. म्हटलं जिंकले तर नेस्टर आयुष्यभर बघेल. आता तो जेवून झालं की ती टेप लावतो. फक्त शेवट. सुरुवातीला मला वाटलं गडी मोजतोय, सगळं गाव मोजतंय. पण मी दारातून पाहिलं. तो गडी मोजत नाही. किक बाहेर गेली की कॅमेरा बघणाऱ्यांवर फिरतो, तेवढं बघतो. मग रुमालाच्या आधी बंद करतो. कोणाला तरी शोधत असावा. एकदा मी विचारलं, कोण दिसतं का? म्हणाला, सगळे हिरवे, कोण दिसणार.

त्याची बहीण म्हणून तुला एक विचारते. मायरन होता का तिथे? नेस्टर आल्यापासून दोनदा मला स्लावका म्हणायच्या ऐवजी मायरन म्हणाला. मी ओ दिली, म्हणून त्याला कळलं नाही.

आई गेल्यापासून दर सहा जानेवारीला मी एक ताट जास्त मांडते, आपल्या युक्रेनी घरांत मांडतात तसं, जो नाही त्याच्यासाठी. नेस्टर म्हणतो ते आईचं. मी काही बोलत नाही. पण मांडताना मला दर वेळी दोघांची आठवण होते, आणि एक तर जिवंत आहे.

लिहू नकोस, पत्र त्याच्या हातात पडतं. मंगळवारी सकाळी फोन कर. तो को-ऑपमध्ये असतो.

स्लावका


कॅल्गरी
१९ डिसेंबर २००९

दार्का,

तिकिटाबद्दल आभार आधीच मानायला हवे होते. उशीर झाला. काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

नेस्टर आला तेव्हा मी उठून जाणार होतो. मग वाटलं, त्याला जायचं असेल तर तो जाईल. त्यालाही तसंच वाटलं असणार. आम्ही दोघे बसून राहिलो. तो म्हातारा झालाय. हात बाबांसारखे झालेत. बियांचं साल तो अजून डाव्या बाजूने थुंकतो.

तुला शेवट त्याने सांगितला असेलच. किक बाहेर गेली आणि त्याने मला धरलं. दार्का, सहा वर्षांत कोणी मला तसं धरलं नव्हतं. आमच्या डेपोत लोक खांद्यावर थाप मारतात. तो कानाशी काहीतरी ओरडत होता. मला एक शब्द ऐकू आला नाही. पंचेचाळीस हजार माणसं ओरडत होती. मला वाटतं तो "चुकली, चुकली" म्हणत असावा. मला रडू यायला लागलं, म्हणून मी नुसती मान हलवली. काय म्हणालास असं विचारणार होतो, तेवढ्यात शांत झालं. सगळे मैदानाकडे बघत होते. त्यानंतर विचारायची वेळ नव्हती. पुढच्या वेळी वळलो तेव्हा तो जिन्यावर होता.

बस चालवताना ते डोक्यात येतं. चौकात लाल दिव्याला उभा असतो आणि वाटतं, चुकली चुकली हे दोन शब्द. तो त्याहून जास्त वेळ बोलत होता. तुला काही बोलला का? नसेल तर विचारू नकोस. मीच तुला विचारायला लावलंय असं त्याला वाटेल.

आईचं मी त्याला कधीच समजावून सांगणार नाही. ती दोनदा स्वयंपाकघरात पडली होती, दुसऱ्यांदा रात्रभर तशीच. मला फोन तिने केला. म्हणाली, नेस्टरला कापणीतून उठवू नकोस, तो आला तर मला नेऊ देणार नाही. नेस्टरला हे सांगितलं तर मी सुटतो, आणि ती त्याच्यापासून लपवून गेली असं उरतं. ती आता उत्तर द्यायला नाही. तेव्हा राहू दे माझ्याच नावावर. तूही सांगू नकोस.

सहा तारखेला मला ड्युटी आहे. आपल्या नाताळची इथे सुट्टी नसते, आणि मी मागतही नाही. लूकला नमस्कार. त्याचा संघ चांगला खेळला असं सांग. त्याला माहीत नसेल.

मायरन


मॉन्ट्रिअल
२८ डिसेंबर २००९

नेस्टर,

तुला उत्तर लिहून तयार होतं. फार छान होतं. तू मला नियम शिकवलास ना, की दंड घ्यायचा की नाही हे ज्याच्याविरुद्ध गुन्हा झाला तो ठरवतो? मी लिहिलं होतं, सहा वर्षं तू म्हणतोयस गुन्हा तुझ्याविरुद्ध झाला. मग ठरवायचंही तूच. नाकार दंड, राहू दे डाव जसा झाला तसा. लूकला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तू वकील व्हायला हवं होतंस. दोन दिवस मी स्वतःवर खूश होते.

मग मायरनचं पत्र आलं. माझं सगळं फुकट गेलं.

त्याला ऐकूच आलं नाही, नेस्टर. त्याने लिहिलंय ते त्याच्याच शब्दांत उतरवते: "तो कानाशी काहीतरी ओरडत होता. मला एक शब्द ऐकू आला नाही. मला वाटतं तो चुकली, चुकली म्हणत असावा." मान हलवली ती रडू लपवायला.

म्हणजे तू त्याला बोलावलेलं नाहीस. बाद करायलाही काही नाही. महिनाभर तू जे मागे घ्यायला निघाला होतास ते कोणाला मिळालंच नव्हतं. तो येणार नाही. दारात उभा राहणार नाही. सहा तारखेला तो कॅल्गरीत बस चालवत असेल. तुझी सुटका झाली.

हे तुला सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. न सांगता तुला सहा तारखेला खिडकीशी उभं ठेवायचं असाही विचार आला. ते तुला शोभलं असतं. पण मला नको वाटलं. तिकिटांची लबाडी मी केली, तेवढी पुरे.

तू त्याला काय म्हणालास, हे त्याने मला विचारलंय. मी उत्तर दिलेलं नाही. देणार नाही. ते तुझं आहे. ठेव, टाक, काय करायचं ते कर.

तू म्हणतोस माणसाने उभं राहून सांगितलं पाहिजे की मी होतो. नाव न सांगणाऱ्यांबद्दल तू इतकी खात्री बाळगू नयेस असं मला वाटतं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही.

दार्का


यॉर्कटन
८ जानेवारी २०१०

दार्का,

तुझं पत्र चार तारखेला मिळालं. वर्कशॉपमध्ये उभ्यानेच वाचलं. पहिल्यांदा हलकं वाटलं. खरंच वाटलं. ट्रॅक्टर त्याच दिवशी जोडून ज्याचा त्याला देऊन टाकला. को-ऑपमध्ये गेलो, पाय खाटेवर असल्यासारखे लांब करून बसलो, कॉफी मागवली. स्टॅन अजून तिथेच होता. म्हणाला, "मला आता पक्कं कळलंय, तेरावा कोण ते." मी म्हटलं, "सांगू नकोस." तो बघत राहिला. म्हणाला, "तूच तर विचारत होतास." मी म्हटलं, "कळलं तर काय करशील? त्याच्या घरी जाशील?" म्हणाला, "घरी कशाला जाईन? नुसतं कळायला हवं." मग माझ्याने तिथे बसवेना. कॉफी अर्धी टाकून निघालो.

दुसऱ्या दिवशी तर आणखी वाईट. आधी निदान चीड होती. आता काहीच नव्हतं, आणि मी घरभर फिरत होतो. स्लावका खसखस वाटत होती. तिने विचारलं, "उद्या किती ताटं?" दर वर्षी विचारते, दर वर्षी तेच उत्तर असतं. मी दाराशी जाऊन परत आलो. ती म्हणाली, "पुन्हा विचारते, पण फिरणं थांबव, खसखशीत धूळ पडतेय."

मी आत जाऊन फोन लावला. नंबर माझ्याकडे नव्हता. स्लावकाच्या वहीत होता, आणि तो पेन्सिलने नाही, शाईने लिहिलेला होता. याबद्दल तुम्हा दोघींशी मी नंतर बोलेन.

"हॅलो," तो म्हणाला.

"नेस्टर बोलतोय."

मग त्याने विचारलं, "स्लावका बरी आहे ना?"

दार्का, सहा वर्षांनी भावाचा फोन आला तर माणसाला वाटतं कोणीतरी गेलं. मी म्हटलं, सगळे बरे आहेत. म्हटलं, "कॅल्गरीत मी तुझ्या कानात काय म्हणालो होतो?"

"चुकली, चुकली. असं काहीतरी."

"तसं नव्हतं."

"मग काय होतं?"

इथे मी काहीही म्हणू शकलो असतो. हिरव्यांचा जयजयकार म्हणू शकलो असतो. खोलीत नुसता फ्रीजचा आवाज होता. पलीकडे त्याचा टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केला. ते ऐकू आलं.

मी म्हटलं, "सहा तारखेला जेवायला ये म्हणालो होतो."

"उद्या?"

"उद्याच."

तो म्हणाला, "तेव्हा म्हणाला होतास म्हणून सांगतोयस, की आत्ता म्हणतोयस?"

हा प्रश्न त्याने का विचारावा ते मला कळतं. मीही विचारला असता. तेव्हा म्हणालो होतो असं सांगितलं असतं तर दोघांचीही सोय होती. त्याने आभार मानले असते, ड्युटी आहे म्हणाला असता, मी बरं म्हटलं असतं. मॉन्ट्रिअलचा तो माणूस दुसऱ्यांदा चेंडूसमोर उभा राहिला तेव्हा सगळं मैदान गप्प होतं, आम्ही सगळे श्वास धरून त्याचं वाईट चिंतत होतो. फोन हातात धरून मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल काहीतरी वाटलं.

मी म्हटलं, "आत्ता."

"मला ड्युटी आहे."

"मग?"

"बदलून घेतो. इथे एक पंजाबी आहे, बलकार. त्याच्या सणाला मी त्याची ड्युटी करतो."

"रस्ते कोरडे आहेत," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. हो, मध्येच. तुझं खरं आहे.

तो आला. ज्याला बघून जेवायला बसायचं तो पहिला तारा केव्हाच उगवून गेला होता. आम्ही थांबलो होतो, स्लावका तीनदा बिटाचं सूप, बोर्श्ट, तापवून चुकली होती. तो बूट काढून आत आला, सगळ्यांना नमस्कार केला आणि थेट जाऊन बसला, दारासमोरच्या त्या मोकळ्या ताटावर. त्याला माहीत नव्हतं. तो इतकी वर्षं या टेबलाशी नव्हता. ते जास्तीचं मांडलेलं ताट होतं, आईचं. त्याचं ताट स्लावकाने माझ्या शेजारी मांडलं होतं.

मी बोलणार होतो. स्लावकाने माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, माझ्या शेजारचं ताट उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं, आणि म्हणाली, "जेवा आता."

त्या रात्रीचे ठरलेले बाराही पदार्थ त्याने दोनदा घेतले. त्या किकवर आम्ही भांडलो. तो म्हणतो वारा होता. मी म्हणतो वारा नव्हता. तो म्हणतो, "तू माझ्या बाजूने बघत नव्हतास." आईचा विषय निघाला नाही. दोनदा जवळ आला. एकदा त्याने तोंड उघडलं आणि मग वारेनिकी घेतली. काहीतरी आहे जे तो सांगत नाही. तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी तीनदा वाचली, म्हणजे ते तुलाही माहीत आहे. मी विचारणार नाही. मला ते ऐकायचंय की नाही हे मला अजून माहीत नाही. मी त्याला माफ केलंय असं समजू नकोस. त्याने मला केलंय असंही मला वाटत नाही.

आज सकाळी तो निघणार होता. गाडी सुरू करून ठेवली होती. मग स्लावकाने त्याला आधी नाश्ता कर म्हटलं, म्हणून बंद केली. आता तो स्वयंपाकघरात आहे. मला त्याचं चमच्याने कप ढवळणं ऐकू येतंय. त्याने साखर कधीच टाकली नाही, तरी ढवळतो.

त्याला रविवारपर्यंत थांब म्हणायचंय. मघापासून दोनदा दारापर्यंत गेलो आणि तुला हे पत्र लिहायला परत आलो. आता लिहायचं काही उरलेलं नाही. घरात आवाज नाही, सगळं नीट ऐकू जाईल. जाऊन म्हणतो.

नेस्टर